न खेळलेली पाच मिनिटे

कुहीच्या शाळेत आम्हांला पी.टी. शिकवणारे गजभिये सर नसते, तर मी आज पदवीधर नसतो. हे वाक्य मी विचार करून लिहितो आहे. माझ्या वडिलांचे कुहीत सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढे गेले नव्हते आणि मलाही दुकानातच बसायचे होते. बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी सर आले, दुकानासमोरच्या स्टुलावर बसले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, पंक्चर काढाले हा पुढंही शिकन. पण कॉलेजाचं वय निघून गेलं का गेलं." दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते मला नागपूरला घेऊन आले. अ‍ॅडमिशनच्या रांगेत माझ्याबरोबर दुपारपर्यंत उभे राहिले. फॉर्मवरचे जे जे मला समजले नाही तिथे बोट ठेवून सांगत गेले, आणि शेवटी म्हणाले, "सही तुह्या हातानं कर. वाचून कर."

बास्केटबॉलही त्यांनीच दिला. आमच्या शाळेचे मैदान मातीचे. रिंग गावातल्या वेल्डरने करून दिली होती आणि माप चुकल्यामुळे ती खऱ्या रिंगेपेक्षा लहान झाली होती. सरांनी ती बदलली नाही. म्हणाले, "हिच्यात पडला तर दुनियेतल्या कोणत्याही रिंगीत पडन." शाळेत त्यांचा एक नियम होता, जो मी पुढे कुठेच पाहिला नाही. सामना संपला की हरलेल्या संघाच्या कप्तानाने गुण लिहायला टेबलावर बसलेल्यांना पाणी नेऊन द्यायचे. सर सांगत, "जिंकणाऱ्याकडे तर सारेच पाहतात. जो बसून लिहून राहिला, त्याच्याकडे कोणी पाहत नाही." आम्ही पोरे हरलो की डोळे पुसत हापशीकडे पळायचो.

हे सगळे आधी सांगितले, कारण पुढे गोंदियात जे झाले ते याशिवाय समजणार नाही.

नागपूर

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी बास्केटबॉल संघाचा कप्तान झालो. आमचे कॉलेज मोठे नाही आणि आमचा संघही मोठा नव्हता. सकाळी सहाला सराव, आठला कोपऱ्यावर तर्री-पोहे, नऊला तास. तीन वर्षे हेच चालले. त्या वर्षी मात्र आम्ही शहरातले सामने जिंकलो, वर्ध्याला जाऊन जिंकलो, आणि दिवाळीनंतर गोंदियाला होणाऱ्या शेवटच्या फेरीत पोहोचलो. कॉलेजच्या इतिहासात हे पहिल्यांदाच होते, असे ऑफिसातल्या शिपाईकाकांनी सांगितले. खरे-खोटे मला माहीत नाही.

नवीन जर्सी घ्यायला आम्ही बर्डीच्या बाजारात गेलो. रंग मरून सांगितला होता. आठ दिवसांनी हातात पडल्या त्या गाजरासारख्या. दुकानदार म्हणाला, "धुल्यावर गडद होईन." चेतन म्हणाला, "काका, धुल्यावर गडद होणारं कापड दुनियेत कोणं बनवलं?" पण परत करायला दिवस उरले नव्हते. चेतन आमचा राखीव खेळाडू. खेळायला कमी मिळायचे म्हणून तो बाकावर बसून एका वहीत सगळ्यांचे गुण लिहायचा आणि सगळ्यांवर विनोद करायचा.

संघात खरा खेळाडू एकच होता, सूरज. रामटेकचा. आमच्यापेक्षा वयाने मोठा. बारावीनंतर तीन वर्षे त्याने बुटीबोरीच्या एका कारखान्यात काम केले, मग कॉलेजात आला. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. विद्यापीठाच्या संघात एकदा निवड झाली आणि ते प्रमाणपत्र हातात आले, तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीच्या भरतीला उभे राहता येते. विद्यापीठाच्या संघासाठी वयाची अट असते, आणि सूरजचे हे शेवटचे वर्ष होते. निवड समिती फक्त अंतिम सामना पाहायला येणार होती. म्हणजे आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो तर ते सूरजला पाहणार. नाही तर नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या क्रीडा संचालकांनी सांगितले की कॉलेजात तपासणीची कमिटी येणार आहे, त्यांना येता येणार नाही. "तूच कप्तान, तूच कोच," म्हणाले. मला त्याचा अभिमान वाटला होता.

गोंदिया, पहिला दिवस

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सांगण्यासारखी आहे ती वैनगंगा. पुलावरून गाडी हळू झाली तेव्हा खाली पाणी संथ, रुंद आणि हिरवट होते, आणि दोन्ही काठांवर धान कापून झालेले. शेताशेतांत पुंजणे रचलेली. आमच्या कुहीकडेही धानच, त्यामुळे मला परक्या मुलखात आल्यासारखे वाटले नाही. नागपूरची पोरे मात्र खिडकीतून विचारत होती, "हे गवताचे ढीग काहाचे बे?"

मुक्काम एका शाळेत होता. वर्गातले बाक भिंतीला लावून मधे सतरंज्या घातल्या होत्या. फळ्यावर कोणीतरी आदल्या दिवशीचा सुविचार पुसायचा विसरला होता. पहिल्याच जेवणाला पोरांचे तोंड उतरले, कारण ताटात भात, भातावर लाखोळीची डाळ, वर पुन्हा भात, पोळी कुठेच नाही. वाढणारे काका म्हणाले, "पोया? पोया सकाळी नाही, संध्याकाळी नाही, लग्नात." चेतनने हात जोडले, "मग काका, कोणाचं लग्न जमवा ना दोन दिवसांत." मी तीनदा भात घेतला. सूरजने मला कोपर मारले, "तू घरी आल्यावाणी जेवून राहिला."

आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. तिथे आधी विचारतात, "आंघोळ झाली का?" आणि उत्तर काहीही असो, गरम पाण्याची बादली येते. थंडी कडक होती. पहिल्या दिवशी मला ही रीत विचित्र वाटली. दुसऱ्या दिवशी बादली उशिरा आली तेव्हा मी स्वतः चौकशीला गेलो.

त्या दुपारचा पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. मैदानावर आलो तेव्हा प्रेक्षकांतून ओरड झाली, "गाजर आले रे!" आणि संपेपर्यंत तेच पब्लिक "गाजर, गाजर" करून आमच्या बाजूने टाळ्या वाजवू लागले. सूरज त्या दिवशी जसा खेळला तसे खेळताना मी पुन्हा कोणाला पाहिले नाही. बॉल त्याच्या हातातून सुटायचा आणि तो लगेच पाठ फिरवून बचावाला निघायचा. पडला की नाही, हे पाहायचाच नाही. मी विचारले तर म्हणाला, "सुटला तेव्हाच समजते. पाहून काय करू?"

मंडई

दुसऱ्या दिवशी आमचा सामना नव्हता. दिवाळीनंतर त्या भागात गावोगावी मंडई भरते. जत्राच म्हणा, पण देवापेक्षा भेटीगाठींची. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जमतात, दंडारीचे नाच होतात. शाळेच्या पलीकडच्या गावात त्या दिवशी मंडई होती. मी, सूरज आणि चेतन पायी निघालो. वाटेवरच्या तलावाच्या पाळीवर एक धुक्याचा पट्टा होता, आणि त्यापलीकडे शेताच्या धुऱ्यावर दोन सारस उभे होते. माणसाएवढे उंच. लाल मान. सूरज इतका वेळ पाहत राहिला की चेतन वैतागला. "चाल ना बे, तुले सोयरिक जमवाची का त्यांच्यासंग?"

मंडईत एक बाई उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. काळे, शिंगांचे, अजून वाफ येणारे. आम्ही अंगावर जर्सी घालून गेलो होतो. तिने आम्हांला खालून वर पाहिले.

"कोठचे गा तुम्ही?"

"नागपूरचे, मावशी."

"बँडवाले का?"

चेतन खाली बसून हसला. सूरज म्हणाला, "नाही मावशी, बॉल खेळाले आलो."

"बॉल खेळाले? एवढे मोठे होऊन?" आणि मग तिने पानात दोन मुठी जास्तीच्या टाकल्या. "घ्या. खेळणाऱ्याले भूक लागते."

आम्ही पाळीवर बसून शिंगाडे सोलले. सालाने बोटे काळी झाली. तिथे सूरज पहिल्यांदा मोकळा बोलला. एरवी तो भविष्याबद्दल बोलत नसे.

"कारखान्यात मी ज्या मशीनवर होतो ना," तो म्हणाला, "तिचा आवाज असा होता, की दुपारपर्यंत आपलं नावही आठवत नव्हतं. मले तिथं परत जावं नाही लागलं पाहिजे, बस. बाकी काही नाही पाहिजे मले."

"नाही लागणार," मी म्हणालो. "परवा फायनल खेळशील तू."

"तू बोलला तर होईन," तो म्हणाला. थट्टेने नाही, सरळ म्हणाला. कप्तानावर त्याचा तसा विश्वास होता.

दुपारी शाळेच्या फाटकाशी एक माणूस उभा दिसला. डोक्याला मफलर, हातात कापडी पिशवी. मी धावत गेलो आणि पाया पडलो. गजभिये सर होते. पंचांची परीक्षा ते पूर्वीच पास झालेले. या स्पर्धेत टेबलावर गुणलेखक म्हणून त्यांना बोलावले होते. मला न कळवता आले होते. "तुले कप्तान म्हणून पाहाचं होतं," म्हणाले. त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि चष्मा जाड. त्यांनी माझ्यामागून आलेल्या सूरजच्या हाताची बोटे पाहिली, काळी झालेली, आणि हसले. "शिंगाडे खाल्ले वाट्टे. मी पण आत्ताच खाल्ले."

उपांत्य सामना

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आमचा उपांत्य सामना होता. समोर गोंदियाचेच एक कॉलेज, म्हणजे सगळे मैदान त्यांचे. टेबलावर सर बसले होते. सामना सुरू व्हायच्या आधी त्यांनी दोन्ही कप्तानांना आणि मुख्य पंचांना बोलावले.

"हा पोरगा माझा विद्यार्थी आहे," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितले. "कोणाले हरकत असन तर मी उठतो. दुसरा कोणी बसवा."

समोरचा कप्तान उंच, हसरा मुलगा होता. म्हणाला, "सर, बसा. तुम्ही स्वतः सांगितलं, आता काय हरकत?"

मुख्य पंच अमरावतीकडचे, तरुण, शिट्टीला स्वच्छ दोरी लावलेले. त्यांनी मान हलवली. सर बसले. मला त्या क्षणी फार आनंद झाला. असा माणूस माझा शिक्षक.

सामन्याचे सगळे लिहीत बसत नाही. एवढेच सांगतो, की तो शेवटपर्यंत पुढे-मागे होत राहिला. गुणफलक पत्र्याचा होता, आकडे उलटायचे. एक मुलगा सरांकडे पाहून आकडे उलटत होता आणि नेहमी एक बास्केट मागे राहत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सूरजला डाव्या कोपऱ्यात बॉल मिळाला. तो रेषेच्या बाहेर होता. मी रिंगेखाली उभा होतो, त्याचे दोन्ही बूट मला दिसत होते, आणि त्याच्या मागे पंचांचा वर गेलेला हात, तीन बोटे उघडी. बॉल पडला. सूरजने पाहिले नाही, नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. फलकावर आकडा उलटला. मी आकड्याकडे पाहिले नाही.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो. शेवटचा बॉल माझ्या हातात आला. मी मारला. रिंगेला लागून बाहेर गेला. शिट्टी. एकसष्ट–साठ. आम्ही हरलो.

पोरे खाली बसली. सूरज उभा होता, कमरेवर हात. मी त्याच्याजवळ गेलो नाही. पाय टेबलाच्या दिशेने गेले, तिथून नळाकडे. कोपऱ्यात स्टीलचा जग आणि पेले होते. मी जग भरला आणि टेबलाकडे नेला. विचार करून केले नाही. कुहीत हरलो की हेच करायचे, एवढेच शरीराला माहीत होते. सरांनी पेला हातात घेतला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. बाजूच्या वेळ पाहणाऱ्याला ते म्हणाले, "पाहा. विसरला नाही."

तेवढ्यात चेतन वही घेऊन पळत आला. मला बाजूला ओढले.

"माह्या वहीत एकसष्ट आहे आपले. एकसष्ट–एकसष्ट. फलकवाला मागे राहते म्हणून मी मधात बोललो नाही. सूरजचा कोपऱ्यातला. तो तीनचा होता."

मुख्य पंच टेबलावर आले होते. त्यांनी गुणपत्रक माझ्याकडे सरकवले. "कॅप्टन, तपासून घ्या. मग मी सही करतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुख्य पंचाची सही होईपर्यंत लिहिण्यातली चूक दुरुस्त करता येते. सही झाली की कागद बंद. आमचा गुण दुरुस्त झाला असता तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीला पाच मिनिटे जास्तीची खेळतात. चेतन म्हणत होता ते खरे की खोटे, हे पाहणे सोपे होते. तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या नंबरभोवती गोल करतात. मी तिसरा क्वार्टर शोधला. सूरजचा नऊ नंबर होता, सरांच्या सुंदर अक्षरात. शेजारी तिरकी रेघ, आकडा दोननेच पुढे गेलेला. नऊभोवती गोल नव्हता.

मला दिसले. हे मी स्पष्ट लिहितो. मला दिसले.

"काय म्हणते तो?" सरांनी चेतनकडे पाहून विचारले. त्यांच्या हातात पाण्याचा पेला तसाच होता. "काही चुकलं का गा?"

शाळेत पाच वर्षे माझे कागद सरांनी तपासले होते. सरांचा कागद मी तपासून त्यांच्यासमोर, त्या तरुण पंचांसमोर, पूर्ण मैदानासमोर बोट ठेवायचे, हे माझ्या हातून होईना.

"काही नाही सर," मी म्हणालो. "बरोबर आहे."

पंचांनी सही केली.

चेतनला मी म्हणालो, "तुझ्या वहीत चुकलं. मी पाहिलं." तो वहीकडे पाहत राहिला. मग त्याने पेन काढून वहीतला आकडा खोडला आणि साठ लिहिले.

संध्याकाळ आणि परतीचा दिवस

त्या संध्याकाळी सरांनी मला मेसमध्ये आपल्या शेजारी बसवले. पंच मंडळी जेवत होती. सर प्रत्येकाला सांगत होते, "एका गुणानं हरला. दुसरा कप्तान असता तर टेबल उलथवून टाकला असता. यानं पाणी आणलं." त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. माझ्या ताटातला भात तसाच होता. "दुःख कर, पण जेव," सर म्हणाले. त्यांना वाटले की मी हरल्यामुळे जेवत नाही.

मी नंतर खूप विचार केला, की ती चूक कशी झाली असेल. सरांना पंचांचा हात दिसला नसेल. किंवा, आपल्या विद्यार्थ्याच्या संघाला एकही गुण जास्त जाऊ नये म्हणून ते इतके जपत असतील, की शंका आली तिथे कमीच लिहिले असेल. मला माहीत नाही. कोणाला माहीत असणार?

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना झाला. आमची गाडी संध्याकाळची होती, म्हणून आम्ही पाहायला बसलो. पहिल्या रांगेत निवड समितीची तीन माणसे खुर्च्यांवर होती, गळ्यात पट्टे, मांडीवर कागद. आम्हांला हरवणारा तो उंच कप्तान चांगला खेळला. त्याच्या प्रत्येक बास्केटला मधली बाई काहीतरी लिहायची. सूरज टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडे पाहत नव्हतो, पण टाळ्या ऐकू येत होत्या.

गाडीत पोरे पुन्हा बोलू लागली. एकोणीस-वीस वर्षांची मुले किती वेळ गप्प बसणार? चेतनने शिंगाडेवालीची नक्कल केली, "बँडवाले का?" आणि सगळा डबा हसला. वैनगंगेवर अंधार झाला होता, काहीच दिसले नाही. सूरज माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "तू काहून एवढा मनाले लावून घेऊन राहिला? शेवटचा बॉल कोणाचाही चुकते. माहा नाही का चुकत?"

मी तेव्हाच सांगायला हवे होते. तुमसरपासून कामठीपर्यंत सांगायला वेळ होता. मी डोळे मिटून झोपल्याचे सोंग केले.

रामटेक

सूरज जानेवारीनंतर सरावाला आला नाही. कॉलेजातही आला नाही. मी दोनदा फोन केला. त्याने "येतो, येतो" म्हटले. मार्चमध्ये मी रामटेकला गेलो. हे या प्रवासातले शेवटचे गाव, आणि मला जायलाच हवे होते.

डोंगरावरच्या पायऱ्यांना यात्रेकरू होते. सूरजचे घर खाली, तलावाच्या रस्त्याला. त्याच्या आईने दारातच सांगितले की तो बुटीबोरीला आठ दिवसांपूर्वी परत कामाला लागला, आज सुट्टी आहे म्हणून घरी. सूरज बाहेर आला. आम्ही तलावापर्यंत चालत गेलो. त्याने विचारले, "परीक्षा कधी?" मी सांगितले. त्याने विचारले, "चेतनचं काय चाललं?" मी तेही सांगितले. मग बाकी सांगितले. नऊ नंबर, गोल नसलेला. सरांचा प्रश्न. माझे उत्तर. चेतनच्या वहीतली खोडाखोड.

तो काठावर बसला. ओरडला असता तर बरे झाले असते.

"जिंकलो असतो असं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "कदाचित हरलोच असतो. पण ते पाच मिनिटं माही होती. तू कोणाले विचारून देऊन टाकली?"

मी सरांचे नाव काढले.

"सरांचा मान," तो म्हणाला. "ठीक आहे. सरांचा मान. माहा कोण होता तुह्या टीममधी?"

मी काहीतरी बोलू लागलो, तो उठला. "जाय आता. तुही बस निघून जाईन." घराकडे वळताना थांबला. "सरांले नको सांगू. म्हातारा माणूस आहे. झोपणार नाही."

बस निघायला एक तास होता. तो तास मी स्टँडवर कसा काढला ते लिहिता येत नाही.

मी जूनमध्ये पदवीधर झालो. बाबांनी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा दिला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी सूरजने सांगितले त्याच्या उलट केले आणि कुहीला एक पत्र टाकले. सर फोनवर मोठ्याने बोलतात आणि ऐकतात कमी. शिवाय हे फोनवर सांगायची मला हिंमत नव्हती. हे प्रवासवर्णन छापायला देण्याआधी ते पत्र त्यांच्या हातात पडले आहे, हे मी पोस्टमनकडून खात्री करून घेतले. उत्तर अजून आलेले नाही. पत्र असे होते.

*आदरणीय सर,*

*जयभीम.*

*मी पास झालो. आमच्या घरात पहिला. हे सर्वांत आधी तुम्हांला सांगायचे होते, पण त्याच्यासोबत दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हते, म्हणून एक दिवस उशीर झाला.*

*गोंदियाच्या सामन्यात सूरजने डाव्या कोपऱ्यातून मारलेला बॉल तीन गुणांचा होता. कागदावर दोन लिहिले गेले. तुम्ही मला "काही चुकलं का" म्हणून विचारले तेव्हा ते मला दिसले होते. मी "बरोबर आहे" म्हणालो. पंचांची सही तेव्हा झालेली नव्हती.*

*लिहिण्यातली चूक कोणाच्याही हातून होते. माझी चूक तशी नव्हती. मला वाटले, मी तुमचा मान राखतो आहे. आता वाटते, मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. मी बोट ठेवले असते तर तुम्ही स्वतः तो आकडा दुरुस्त केला असता, आणि पाच मिनिटे खेळवली असती. हे मला त्या वेळीही माहीत होते. तरी मी बोललो नाही, आणि त्यात सूरजचे वर्ष गेले. त्याला दुसरे वर्ष नव्हते. तो आता बुटीबोरीला आहे. त्याचा तुमच्यावर राग नाही. तुम्हांला सांगू नको असेच तो म्हणाला होता.*

*तुम्ही मेसमध्ये सगळ्यांना माझ्याबद्दल जे सांगितले, ते मी ऐकून घेतले आणि खोटे आहे म्हणालो नाही. ते आता म्हणतो. तुम्ही ज्यांना सांगितले त्यांपैकी कोणी भेटले तर त्यांनाही सांगा.*

*पुढच्या महिन्यात पदवीदानाचा कार्यक्रम आहे. प्रत्येकाला घरच्या दोन माणसांना आणता येते. आई म्हणते, मी घरीच बरी, तुझे बाबा आणि सर जाऊ द्या. बाबा तुम्हांला बोलवायला रविवारी येतील. त्यांना यातले काहीच माहीत नाही. तुम्हांला यायचे नसेल तर त्यांना तब्येतीचे काहीतरी कारण सांगा. मी समजेन, आणि त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसवणार नाही.*

*आपला विद्यार्थी,*
*प्रमोद*